पाऊस, फुलं आणि कॅमेरा



श्रावण सरत आला,
की फोटोग्राफी क्लबांच्या सहली सुरू होतात.
बऱ्याच जणांची पावलं वळतात
साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे.

ऑगस्टअखेरपासून तिथं फुलं बहरतात.
गुलाबी तेरडा.
पांढरे गेंद.
आणि जांभळी सीतेची आसवं.

ही सीतेची आसवं जेमतेम नखाएवढी.
फोटो काढायचा,
तर कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो.
इथंच घात होतो.
एक फूल टिपायला आपण आडवे होतो,
आणि अंगाखाली कितीतरी फुलं चिरडतात.

म्हणून एवढं लक्षात ठेवा.
पायवाट सोडू नका.
कासच्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे.
तो तुडवला गेला,
की रोपांना मूळ धरणं अवघड होतं.

पायवाटेवरूनही सुंदर फोटो मिळतात.
सकाळी लवकर जा.
ऊन कोवळं असतं, फुलं फार हलत नाहीत.
आभाळ भरून आलं, तर हिरमुसू नका.
ढगांतून झिरपणाऱ्या उजेडात फुलांचे रंग खरे उतरतात.
साधा मोबाइलही चालेल.
फक्त लेन्स पुसायला मऊ सुती फडकं हवं.

एकत्र येऊन ही कला शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.
मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली.
भाऊ दाजी लाड यांचे बंधू,
डॉक्टर नारायण दाजी,
तिचे सभासद होते.

हंगामात कासला जाताना
प्रवेशाची नोंदणी आधी करून ठेवा.
आणि पुन्हा सांगते,
पायवाट सोडू नका.