आधी सांगा, मग शिट्टी

माझा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी हाकेला ओ देत नसे. ऐकू येत नसेल म्हणून कान तपासले. कान उत्तम होते. उलट कुकरची शिट्टी झाली की तो कान झाकून पलंगाखाली शिरायचा आणि अर्धा अर्धा तास रडायचा. निदान झालं, स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. नातेवाईक म्हणाले, ‘तू नोकरी करतेस, म्हणून हे असं.’ मलाही ते खरं वाटलं. एके काळी काही तज्ज्ञसुद्धा आईलाच दोष देत. ते मत केव्हाच मागे पडलं आहे. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. आईवडिलांच्या वागण्यानं स्वमग्नता येत नाही.

आमच्या मुलाच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘कुकर लावताना त्याला सांगता का?’ त्याला गप्प करायला आम्ही खूप धडपडलो होतो. आधी सांगायचं मात्र सुचलंच नव्हतं. मग कुकरचा फोटो ओट्याजवळ लावला. तो दाखवून म्हणायचं, ‘कुकर. तीन शिट्ट्या.’ त्याला आतल्या खोलीत जायची मुभा. काही आठवड्यांनी फोटो पाहिला की तो स्वतःच आत जाऊन बसू लागला. रडणं ओसरलं.

पुढे दिवसभराची चित्रंच भिंतीवर लागली : दात घासणं, अंघोळ, जेवण, रिक्षा. काम झालं की ते चित्र डब्यात टाकायचं. पाहुणे येणार असतील तर त्यांचाही फोटो. बोललेलं विरून जातं, चित्र समोर राहतं. पुढे काय होणार हे कळलं की अशा अनेक मुलांची घालमेल कमी होते.

आणखी दोन गोष्टी. वाक्यं छोटी ठेवा. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. उत्तर यायला वेळ लागतो. आम्हीच घाईनं त्याच्या वतीनं बोलून टाकत होतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शेजारी ड्रिल सुरू झालं की आजही आमची तारांबळ उडते. प्रत्येक मूलही वेगळं असतं. पण शंका आली तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, प्रमाणपत्रही मिळतं. आणि बाजारात एखादं मूल किंचाळताना दिसलं, तर त्याच्या आईकडे रोखून पाहू नका. जरा वाट मोकळी करून द्या. तेवढी मदतही पुष्कळ असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)