दोषांसकट माणूस : लक्ष्मीबाई टिळकांच्या घरातून



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून दोघातिघांनी मला विचारलेच, "डॉक्टर, तुम्ही जैन, दवाखाना होमिओपॅथीचा, आणि बोलणार लक्ष्मीबाई टिळकांच्या ख्रिस्ती घराबद्दल?" मला यात काही वावगे वाटत नाही. आपल्या गावाच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे आणि कॅम्पात चर्चची घंटा वाजते. माझ्या दवाखान्याच्या बाकावर या सगळ्या घरांतली माणसे खेटून बसतात आणि आत आल्यावर सगळी जवळजवळ एकच तक्रार सांगतात. पोटाची, गुडघ्याची, झोपेची तक्रार सांगून झाली की हळूच खरी गोष्ट निघते : "घरातल्या अमक्याशी माझे पटत नाही." इतकी वर्षे हे ऐकल्यावर दुसऱ्यातले चांगले पाहावे कसे, हा प्रश्न मला सुविचारांच्या फळ्यावरचा वाटेनासा झाला. तो मला स्वयंपाकघरातला प्रश्न वाटतो. आणि मराठीत या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला "स्मृतिचित्रे"मध्ये सापडले.

तुमच्यापैकी अनेकांनी हे पुस्तक वाचलेले असणार. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले. लिहिणारी बाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरची, कर्मठ ब्राह्मण घरात जन्मलेली, शाळेत न गेलेली. तिच्या वडिलांना सोवळ्याचा इतका ध्यास होता की सारे घर त्या धाकाखाली वावरे. लहानपणीच तिचे नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. नवरा विद्वान, कवी, मनाने उदार, आणि तितकाच तापट व लहरी. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा आणि मनात आले की न सांगता घरातून निघून जायचा.

या संसारावर १८९५ च्या फेब्रुवारीत घाव पडला. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज नीट आठवावे लागते. नवरा जिवंत असून बायको परकी झाली. मुलगा दत्तू अजून चार वर्षांचा झाला नव्हता. लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. लोकांच्या नजरा, कीव, टोमणे, आणि रोजचा एक प्रश्न : या माणसाने माझ्याशी असे का केले?

आता तुम्ही स्वतःला तिथे ठेवून पाहा. त्या बाईने नवऱ्याला जन्मभर दोष दिला असता, तर तिला कोण चुकीचे म्हणाले असते? तिच्याजवळ दोषांची यादी होती आणि यादीतले एकेक कलम खरे होते.

पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण कशा गेल्या ते महत्त्वाचे आहे. त्या भारावून गेल्या नाहीत आणि हार मानूनही गेल्या नाहीत. आपला धर्म, आपले सोवळे, आपले वेगळे पाणी आणि वेगळी चूल सांभाळत त्या नगरच्या बाजूला राहू लागल्या. टिळकांनीही तो वेगळेपणा मान्य केला. एकाच संसारात दोन धर्म आणि दोन चुली, असा तो काळ होता. जातीपातीचा विचार त्यांच्या मनात त्यांचा त्यांनीच सोडवला. ही उतरंड देवाने रचली की माणसाने, असा प्रश्न स्वतःला घालून त्या उत्तरापर्यंत पोहोचल्या आणि मग कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षे मला फार मोलाची वाटतात. समोरच्यातले चांगले दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ एकमेकांना देता आला पाहिजे. "आजपासून मी सगळ्यांतले गुणच पाहीन" असा संकल्प करून ते दिसू लागत नाहीत. रोजच्या उठण्याबसण्यात, आजारपणात, पैशांच्या ओढाताणीत माणूस पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. टिळकांच्या घरी विद्यार्थी असत, पोरकी मुले असत, पाहुण्यांचा राबता असे. नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. ज्या घरात एके काळी सोवळ्याच्या धाकाने माणसे दूर ठेवली जात, त्या घरातली ही मुलगी. तिचे हात आता तापाने फणफणलेल्या परक्यांच्या कपाळावर होते. तिच्या ख्रिस्ती श्रद्धेची परीक्षा प्रार्थनेइतकीच या कामातही झाली.

आता पुस्तकाच्या सुराकडे या. "स्मृतिचित्रे" वाचताना आपण हसतो. का हसतो? कारण लक्ष्मीबाई नवऱ्याचा एकही दोष झाकत नाहीत. त्याचा राग, त्याचा विसराळूपणा, त्याचा अव्यवहारीपणा, सगळे उघड सांगतात. सांगताना स्वतःलाही सोडत नाहीत. तरीही पुस्तक मिटताना टिळकांबद्दल आदर वाढलेला असतो. हे कसे होते याचा मी बरेच दिवस विचार केला. मला वाटते, दोष सांगताना त्यांच्या मनात हिशेब चुकता करण्याची इच्छा नाही. माणूस संपूर्ण दाखवावा एवढीच इच्छा आहे, आणि संपूर्ण माणसात गुण आपोआप येतात. आणखी एक गोष्ट पाहा. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून दुःखी आणि संतप्त झालेल्या हिंदू आप्तांनाही त्या खलनायक करत नाहीत. ज्यांनी त्यांना सांभाळले त्यांची माया तशीच्या तशी पुस्तकात उतरली आहे. धर्म बदलला, पण जुन्या घराचे उपकार त्यांनी वजा केले नाहीत.

टिळकांच्या बाजूनेही हेच दिसते. नवा धर्म स्वीकारणारा माणूस बहुधा जुन्या धर्मावर तुटून पडतो. टिळक मात्र आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे मानत. अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी चर्चमध्ये नेले. ओवीछंदात त्यांनी "ख्रिस्तायन" लिहायला घेतले. तो ग्रंथ त्यांच्या हातून अपुरा राहिला आणि पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याची आपल्याकडची रीत तशी जुनी. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे "ख्रिस्तपुराण" १६१६ साली छापले गेले. इंग्लंडातून आलेल्या त्या जेझुइटाला मराठीची गोडी कळली होती. टिळकांना ती गोडी घरचीच होती, तरी घर सोडल्यावरही त्यांना ती आंबट लागली नाही. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही तिथे एकत्र बसू शकत.

बालकवींचेच उदाहरण घ्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात सगळ्यांच्या नजरेत भरलेला पोरगेलासा कवी. पुढे तो काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिला. मुलगा लहरी, हळवा, व्यवहारात कच्चा. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला आणि त्या घरात त्यामुळे कोणाची माया कमी झाली नाही. त्या घराने त्याच्यातली कविता ओळखली आणि ती वाढेल अशी जागा त्याला दिली.

आता थोडे माझ्या घरातल्या शिकवणीबद्दल. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत : मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. त्यातला प्रमोद म्हणजे आपल्याहून गुणांनी मोठा असलेल्याला पाहून मनाला होणारा आनंद. करुणा आपल्याला जमते, कारण ती करताना आपण वरच्या पायरीवर उभे असतो. प्रमोद अवघड, कारण त्यात वर पाहावे लागते. शेजारच्या मुलाला चांगली नोकरी लागली की आपल्या चेहऱ्यावर जे उमटते, तिथे प्रमोदाची परीक्षा होते.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत "उपगूहन" नावाचे एक अंग आहे. दुसऱ्याच्या दोषाचा बोभाटा न करणे, हा त्याचा अर्थ. त्यासाठी जिनेंद्रभक्त शेठची कथा सांगतात. एक चोर व्रती बनून त्याच्या घरच्या मंदिरात शिरतो आणि मौल्यवान रत्न चोरतो. पहारेकरी त्याला पकडतात, तेव्हा शेठ म्हणतो, "ते रत्न मीच त्याला आणायला सांगितले होते." धर्माची बदनामी होऊ नये म्हणून तो चारचौघांत पांघरूण घालतो. पण कथा तिथे संपत नाही. नंतर एकांतात शेठ त्या चोराला खडसावतो आणि घालवून देतो. दोष त्याला पुरता दिसला होता. तो कुठे बोलायचा हे त्याने ठरवले.

लक्ष्मीबाईंच्या बायबलात हीच जाण वेगळ्या शब्दांत आहे. कुसळ आणि मुसळ ही जोडी तुम्ही-आम्ही रोज वापरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूच्या तोंडी हाच दाखला आहे, आणि मराठी बायबलात हेच दोन शब्द आहेत. आपण मात्र दाखला अर्धाच सांगतो. दुसऱ्याचे कुसळ काढूच नये असे तिथे म्हटलेले नाही. आधी स्वतःचे मुसळ काढा, म्हणजे नीट दिसेल, मग भावाचे कुसळ काढता येईल, असा त्याचा क्रम आहे. सारा भर नीट दिसण्यावर आहे.

आमच्या शास्त्रातही तेच. हानेमान यांचा "ऑर्गेनॉन" १८१० चा. वैद्याने पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहावे आणि रोगी बोलत असताना त्याला मध्ये तोडू नये, हे त्यात बजावले आहे. औषधांबद्दल मी आज बोलणार नाही, पण ही ऐकण्याची शिस्त घरातही उपयोगी पडते. आपण सुनेचे, सासूचे, भावाचे पहिले वाक्य ऐकतो आणि पुढचे स्वतःच पूर्ण करतो. सगळे बोलणे ऐकून घेतले, तर तक्रारीच्या पोटातच कधी कधी गुणही सापडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींच्या मुलाने ख्रिस्ती मुलीशी लग्न केले आहे. आजी एकदा म्हणाल्या, "स्वयंपाक अळणी करते बघा, पण माझ्या गोळ्यांची वेळ कधी चुकवत नाही." मी ते वाक्य त्यांच्या कागदावर जसेच्या तसे लिहून ठेवले. दोष खरा होता आणि गुणही खरा होता, आणि दोन्ही एका वाक्यात मावले होते. लक्ष्मीबाईंना हे वाक्य आवडले असते.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. "त्याच्यातले चांगले बघ" हे वाक्य आपल्याकडे अनेकदा चुकीच्या माणसाला ऐकवले जाते. मार खाणाऱ्या बायकोला ते सांगितले जाते, मारणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. अंगावर वळ घेऊन आलेली बाई आणि तिच्याबरोबर आलेले, गप्प राहायला सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. हे उपगूहन नव्हे आणि ख्रिस्ताची क्षमाही नव्हे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा राग लिहून ठेवला, लपवला नाही. त्याच्याकडे परतताना आपल्या अटी ठेवल्या आणि आपली चूल वेगळी मांडली. गुण पाहण्याचा हक्क सोसणाऱ्याचा असतो, आणि कधी पाहायचे हेही त्यानेच ठरवायचे. बाहेरच्यांनी ती सक्ती करू नये.

श्रोतेहो, आपली घराणी महाराष्ट्राच्या वेशीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. आपल्या अंगणात कानडी आहे, कोंकणी आहे, उर्दू आहे. आता आपल्या मुलामुलींची लग्नेही त्या अंगणात होऊ लागली आहेत. काही घरांत त्यामुळे अबोला आहे, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. मराठीपण टिकावे ही तुमची काळजी मला कळते, कारण ती माझीही आहे. पण ज्या बाईने मराठी गद्याला इतके सोपे आणि जिवंत केले, तिचे घर असेच दुभंगले होते. ते सांधले गेले तेव्हा कोणी आपले सगळे सोडून दिले नव्हते. दोघांनी एकमेकांना वेळ दिला होता.

म्हणून जाता जाता एकच विनंती. आज घरी गेल्यावर, ज्याच्याशी तुमचे पटत नाही अशा एका माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे एक वाक्य बोला. त्यात "चांगला आहे", "गुणी आहे" असले मोघम शब्द नकोत. त्याने केलेली एक गोष्ट सांगा, घडली तशी. गोळ्यांची वेळ, पोहोचवलेला डबा, रात्री दवाखान्यात काढलेले दोन तास. दोष बोलायचा असेल तर तोही बोला, पण त्याच वाक्यात. आणि तुमचे ते वाक्य घरातल्या मुलांच्या कानावर पडू द्या.