टर्की आदल्या दिवशी भाजावी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना अमेरिकेत संसार करीत आहेत. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण असतो. पाडव्याला आपल्याकडे श्रीखंड, तशी त्या दिवशी तिथे टर्की. पंगतीला दहा-बारा माणसे, आणि पंधरा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सात किलोंचा पक्षी! यजमानीण बिचारी ओव्हनपुढे, नि पाहुणे दिवाणखान्यात. म्हणून म्हणते, हे काम आदल्या दिवशीच उरकावे.

हा पक्षी आपल्याला अगदीच परका नाही, बरं का. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाकडे नेली आणि चित्रकार मन्सूरने तिचे चित्र काढले. पोर्तुगीज लोक ह्या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्या फोडी करून खायच्या पेरूशी गल्लत नको!

टर्की कोरडी का होते? छातीच्या मांसात चरबी फार थोडी, तर तंगडीत चिवट धागे जास्त. ते मऊ व्हायला उष्णता जास्त लागते. तंगडी होईपर्यंत छातीचा पार भुसा झालेला असतो. पुष्कळ जणी घडीघडी ओव्हन उघडून वरून रस ओततात. त्याने कातडीला रंग येतो, पण रस आत मुरत नाही. उलट ओव्हन मात्र निवतो.

खरा उपयोग मिठाचा. भाजण्याच्या आदल्या दिवशी दर पाच पौंडांना एक मोठा चमचा जाडे मीठ सगळीकडे चोळून टर्की फ्रीजमध्ये ठेवावी. मीठ मुरले की मांस आपले पाणी धरून ठेवते. मात्र वेष्टनावरचा मजकूर आधी वाचा. दुकानातल्या बऱ्याच टर्कींत खारे पाणी आधीच भरलेले असते. तिला पुन्हा मीठ नको. गोठलेली टर्की असेल तर ती फ्रीजमध्येच सुटू द्यावी. एवढ्या पक्ष्याला तीन-चार दिवस लागतात, तेव्हा सण गुरुवारी म्हणून बुधवारी जागे होऊन चालणार नाही. आणि ती नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात.

३२५ अंश फॅरनहाइटवर अशी टर्की सुमारे चार तासांत होते. पण घड्याळापेक्षा तापमापकावर भरवसा ठेवा. छातीच्या व मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, तो १६५ अंश दाखवील तेव्हा टर्की झाली. अर्धवट भाजून ‘उरलेली उद्या बघू’ असे कधीही करू नये. कोमट, अर्धकच्च्या मांसात जंतू भराभर वाढतात, आणि पंगतीत लहान मुले नि म्हातारी माणसेही असतात.

आता मुख्य गोष्ट. भाजलेली टर्की अख्खीच फ्रीजमध्ये सारू नका. एवढा मोठा गोळा आतून लवकर निवत नाही. अर्धा तास टेकू द्या, मग छातीचे जाड काप करा, तंगड्या वेगळ्या काढा. पसरट भांड्यात मांडून वर भाजताना सुटलेला रस घाला, झाका, आणि ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. हाडे पाण्यात उकळून त्यांचा अर्क काढून ठेवा. तो उद्या लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी पसरट भांड्याचा तळ भिजेल इतका अर्क ओतून, अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने घट्ट झाकून, पुन्हा ३२५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. आतून १६५ अंश गरम झाले की लगेच बाहेर काढा. आपण शिळी पोळी झाकण ठेवून वाफेवर मऊ करतो, तसाच हा प्रकार. कातडी मात्र अशाने मऊच राहते. ती आधी सोडवून वेगळ्या थाळीत उघडी भाजली तर कुरकुरीत होते. ज्यांना अख्खी टर्की टेबलावर मिरवायचीच आहे, त्यांनी ती त्याच दिवशी भाजावी; दोन्ही हौशी एकदम भागत नाहीत.

उरलेले मांस पुन्हा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. भाजल्या दिवसापासून तीन-चार दिवसांत ते संपवा. उरलेल्या अर्कात आले, मिरी आणि मूठभर तांदूळ घातले की शनिवारची पेज तयार.