खेळ, बुद्धी आणि मोकळा तास



संगणकावरच्या खेळांवर बोलायला युनियनचा माणूस उभा राहावा, याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. संगणक आणि युनियन यांचे नाते प्रथमपासून भांडणाचे. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी हे यंत्र कचेरीत येऊ नये म्हणून लढा दिला. ते माणसांची भाकरी खाईल, अशी त्यांना धास्ती होती. आज तेच यंत्र लहान होऊन आपल्या खिशात येऊन बसले आहे आणि ‘तुमची बुद्धी मी राखतो’ असे म्हणत आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ते सांगते, रोज पंधरा मिनिटे माझ्याशी खेळ, तुझे डोके तरुण राहील. या वचनात खरे किती आणि जाहिरात किती? करारावर सही करण्याआधी त्यातले प्रत्येक कलम वाचायचे, ही सवय आम्हांला चळवळीने लावली. तीच आज इथे वापरू.

खेळणाऱ्याला हिणवण्यासाठी मी आलेलो नाही. मोकळा वेळ ही कामकरी माणसाला कोणी दान दिलेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. इतक्या कष्टाने मिळालेला तास कसा खर्चावा, हे ठरवण्याचा हक्क त्याचा त्यालाच आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्याने तो डोळे उघडे ठेवून खर्चावा.

आपल्या उपनगरांतला हा तास बहुधा लोकलमध्ये जातो. बोरिवलीहून चर्चगेट, मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जाण्यायेण्यात दिवसाचे दोन तास सहज संपतात. पूर्वी चौघेजण मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते पिसत. कोणते पान पडून गेले हे लक्षात ठेवीत, भिडूचा डाव ओळखीत आणि उतरताना राहिलेले भांडण उद्यावर टाकीत. आज तेच चौघे शेजारी शेजारी बसून आपापल्या पडद्यावर रंगीत गोळ्या जुळवीत असतात. डोके दोन्हीकडे चालते. मग फरक काय पडला, हे शोधायला हवे.

पडद्यावरचा खेळ आरंभी निव्वळ गंमत होता. मॉस्कोतील अलेक्सेई पाजितनोव्ह या संगणकतज्ज्ञाने १९८४ साली टेट्रिस रचला, तेव्हा त्याने कोणाला बुद्धी देण्याचे वचन दिले नव्हते. वचन पुढे आले. डॉ. र्‍युता कावाशिमा या मेंदूच्या अभ्यासकाच्या पुस्तकाच्या आधारे निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००५ साली मेंदूच्या कसरतीचा खेळ बाजारात आणला आणि तो जगभर खपला. मागोमाग इतर कंपन्या आल्या. त्यांतल्या लुमोसिटी या खेळांच्या कंपनीने वयानुसार येणारा विसराळूपणा लांबवता येतो, अशा जाहिराती केल्या. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असा ठपका अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०१६ साली तिला वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले.

मग शास्त्र काय सांगते? २०१० साली इंग्लंडात एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,४३० माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा आठवडे माणसे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळली. जो खेळ खेळली त्यात ती तरबेज झाली. मात्र ज्याचा सराव केला नव्हता अशा कसोट्यांत त्यांची म्हणावी अशी प्रगती दिसली नाही. कारखान्यातल्या माणसाला यात आश्चर्य नाही. लेथवर दहा वर्षे काढल्याने हात लेथवर बसतो. तेवढ्याने कोणी वेल्डर होत नाही.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्या २,८३२ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. कोणाला स्मरणाचा, कोणाला तर्काचा, तर कोणाला वेगाचा सराव दिला. सुमारे तासा-तासाच्या दहा बैठका. २०१४ साली दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. तर्काचा आणि वेगाचा फायदा त्या त्या कामात टिकून होता. स्मरणाचा टिकला नव्हता. यांतला वेगाचा सराव संगणकावरचा होता. पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एक वाहन दिसते, त्याच क्षणी कडेला दुसरे काही चमकते, दोन्ही ओळखायची. जमू लागले की क्षण आणखी लहान होतो. म्हणजे माणूस सरावला की काम आपोआप अवघड होते. यात मला मर्म दिसते. जो खेळ डोळे मिटून जिंकता येतो तो विश्रांती देईल, कसरत देणार नाही. रंगीत गोळ्यांचे आणि पत्त्यांचे उत्तर इथे आहे: पत्त्यांत समोर बसलेला माणूस रोज नवी अडचण उभी करीत असे.

प्रौढ माणसाचा मेंदू थिजून गेलेला असतो, ही समजूत आपण मनातून काढून टाकू. लंडनच्या टॅक्सीचालकाला परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा उमेदवारांचे मेंदू शिक्षणापूर्वी आणि नंतर तपासले. जे परीक्षा उतरले त्यांच्या मेंदूत वाटा लक्षात ठेवणारा भाग वाढलेला आढळला. हे निष्कर्ष २०११ चे. ती सारी वयाने वाढलेली माणसे होती. आपल्याकडे हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षरांतही फरक दिसला. घाटकोपरच्या बाजारात मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत भाव करणारी बाई रोज केवढी कसरत करते, याचा विचार करा. तिला त्यासाठी कोणी वर्गणी मागत नाही.

हा प्रश्न माझ्या लेखी पोटाशी निगडित आहे. नवे यंत्र आले की पन्नाशीच्या कामगाराला ऐकवले जाते, ‘तुमचे डोके आता चालायचे नाही, राजीनामा द्या.’ वाटाघाटींच्या टेबलावर हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. वयाबरोबर वेग थोडा उतरतो, हे खरे. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवाने येणारी पारख पुष्कळ काळ टिकतात. शिकवणारा आणि वेळ मिळाला, तर पन्नाशीचा माणूस नवे यंत्र शिकतो. म्हणून मोबाइलवरचा खेळ पुढे करून प्रशिक्षणाची जबाबदारी कोणी झटकू लागला, तर ते आम्ही मान्य करणार नाही.

दुसरी गोष्ट कानांची. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्याजोगी, चौदा कारणे दिली. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण ही आहेत. सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे. आता प्रेसखात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाची स्थिती पाहा. एका कारखान्यात आमची माणसे जेवणाच्या सुटीत कॅरम खेळत. ऐकू कमी येऊ लागले तसे एकेकजण बाजूला बसू लागले, कारण थट्टा कळेना आणि पुनःपुन्हा विचारायची लाज वाटे. खेळ सुटला, मागून माणसेही सुटली. अशा माणसाला मोबाइलवर कोडे देण्याआधी कानांची तपासणी आणि कानांचे संरक्षण द्यायला हवे. बुद्धी राखण्याचा हाही मार्ग आहे, आणि तो मागणीपत्रात लिहिता येतो.

आता बायकांचे. अंधेरीला १९७३ साली सीप्झ उभे राहिले. इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडण्याचे, नजर ताणणारे काम तिथे हजारो बायकांनी केले. ज्यांच्या बोटांखालून ही यंत्रे गेली त्यांना त्यांवर खेळायला तास कुठला? बायकांच्या डब्यात आजही परतीच्या गाडीत मटार सोलले जातात. घरातल्या कामाची वाटणी झाल्याशिवाय तिला बुद्धीच्या खेळाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे.

तेव्हा खेळाची परीक्षा चार प्रश्नांनी घ्यावी. खेळ दिवसेंदिवस अवघड होतो का? तो दुसऱ्या माणसाशी, निदान मुलाशी वा नातवाशी, बोलायला लावतो का? तो झोप आणि चालणे खातो का? आणि चौथा, तो पैसे मागतो का? पैसे लावून खेळायची रमी हा बुद्धीचा व्यायाम आहे असे सांगून कित्येकांचा पगार पहिल्या आठवड्यात गिळला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा झाला म्हणून लोभ संपत नाही. सावध आपणच राहिले पाहिजे.

शेवटी एक सूचना. १९५३ च्या कायद्याने आपल्या राज्यात कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यावर चालणाऱ्या केंद्रांत वाचनालये आली, नाट्यस्पर्धा रंगल्या. अशा प्रत्येक केंद्रात कॅरमच्या शेजारी दोन-चार संगणक ठेवावेत. संध्याकाळी पन्नाशीच्या माणसांनी तिथे येऊन बुद्धिबळ खेळावे, शब्दकोडी सोडवावीत, नव्या यंत्राची ओळख करून घ्यावी. शिकवायला त्यांचीच मुले-मुली बोलवावीत. सुटीचा दिवस आपल्या पूर्वजांनी मागून घेतला. त्या दिवसात बुद्धीला काम आणि सोबतीला माणूस मिळावा, ही मागणी आपण करू. आपापल्या भागातल्या केंद्रात उद्याच जाऊन ती लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.