चिठ्ठीविना जुळणी



मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गाड्या जितक्या, तितक्याच जागा. पण प्रत्येक गाडी प्रत्येक जागेत मावत नाही. एका रविवारी कमिटीतल्या दोघांनी आपापल्या घरी बसून याद्या केल्या. वॉचमनने थोडं या यादीतलं घेतलं, थोडं त्या यादीतलं. आणि वॅगनआर व अल्टो पाण्याच्या टाकीपाशी समोरासमोर! गंमत म्हणजे दोन्ही याद्या बिनचूक होत्या.

संगणकाचं दुखणंही हेच. एकट्याने क्रमाक्रमाने जुळवायचं असेल तर काम जुनं आणि सोपं. पण हजारो संगणकांना एकेक जोडी वाटून दिली, ‘ही गाडी या जागेत का?’ असं एकदमच विचारलं, की कुणी या यादीतून उत्तर देतो, कुणी त्या.

पवईच्या आयआयटीत शिकलेले केतन मुळमुळे आणि उमेश व विजय वझिरानी हे बंधू, या तिघांनी 1987 साली यावर सुरेख तोड काढली. प्रत्येक जोडीला चिठ्ठी काढून एक आकडा द्या, आणि सगळ्यात कमी बेरजेची यादी खरी माना. समजा, वॅगनआर टाकीपाशीच्या जागेत 3, मीटरपाशीच्या जागेत 7. अल्टो टाकीपाशी 5, मीटरपाशी 2. एका यादीची बेरीज 5, दुसरीची 12. वाद मिटला. सहा गाड्या कुठेही मावत असतील तर याद्या 720 होतात, जोड्या मात्र 36. तरीही 1 ते 72 एवढेच आकडे वापरून, निदान निम्म्या वेळा तरी सर्वांत स्वस्त यादी एकच निघते! मला हे अजून जादूसारखं वाटतं.

आता चिठ्ठी म्हटली की नशीब आलं. नशिबाला रजा देता येईल का? 2016 मध्ये स्टीफन फेनर, रोहित गुर्जर आणि थॉमस थिएराउफ यांनी बरीच मजल मारली. यातले गुर्जर आता पवईतच शिकवतात. दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की अदलाबदलीची कडी दिसतात. सगळी कडी तुटली की यादी एकच उरते. म्हणून आकडे असे निवडायचे की आधी लहान कडी तुटावीत, मग त्यांच्या दुप्पट लांबीची, मग चौपट. फेऱ्या थोड्याच लागतात. पण प्रत्येक फेरीचा आकडा आधीच्यावर चढतो, तो लांबच लांब होत जातो, आणि त्यापायी संगणकही बेसुमार लागतात.

ते आकडे आखूड कसे करायचे, इथे त्यांची गाडी अडली.