मोबदल्याचा पैसा आणि योजनांचा लाभ

(नागपूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



माझा विषय कृषिविद्या. पऱ्हाटीच्या दोन ओळींतले अंतर किंवा तुरीचे शेंडे कधी खुडावेत, असे प्रश्न मला विचारले जावेत हे साहजिक आहे. पण अलीकडे हिंगण्याकडे किंवा वर्ध्याच्या बाजूला कार्यक्रम असला, की चहाच्या वेळी एखादा शेतकरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "सर, रस्त्यात वावर गेलं, पैसा खात्यात आला. आता रेशन कार्ड कटते काय? आईचं श्रावणबाळ बंद होते काय?" हा प्रश्न चारचौघांत विचारायला माणसे संकोचतात. म्हणून आज त्यावरच बोलतो.

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. मिहानसाठी जमिनी गेल्या. त्यानंतर शिवमडक्यापासून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी दहा जिल्ह्यांत जमिनी घेतल्या गेल्या. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. ग्रामीण भागात थेट खरेदीने बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत रक्कम मिळाली. ज्या घरात कापूस विकल्यावर दोन-तीन लाख एकदम दिसत, त्या घरात चाळीस-पन्नास लाख एका दिवसात जमा झाले.

पहिली गोष्ट ही, की मोबदला म्हणजे उत्पन्न नव्हे. जमीन ही आपली मत्ता होती, तिचे रूप बदलून ती पैसा झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले आहे. थेट खरेदीत, जमीन ग्रामीण शेतजमीन ठरत असेल तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. मात्र नागपूरसारख्या मोठ्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली जमीन या व्याख्येत बसत नाही. तिथे सनदी लेखापालाची फी वाचवू नये. मोबदला उशिरा मिळाल्याबद्दल जे व्याज येते त्याचा हिशेबही वेगळा असतो. ते मोबदल्यात मिसळून गप्प बसू नये.

मोबदला उत्पन्न नसला तरी तो बँकेत ठेवल्यावर येणारे व्याज मात्र उत्पन्न आहे. खरा गुंता इथेच सुरू होतो, कारण प्रत्येक योजनेची चाळणी निराळी आहे.

उदाहरण घेऊ. एकाने ४० लाखांची ठेव केली. व्याज ७ टक्के धरले तर वर्षाला २ लाख ८० हजार झाले. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबाच्या धान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार आहे, ती ओलांडली गेली. श्रावणबाळ योजनेची मर्यादा तर २१ हजारांची ठेवलेली आहे, तीही गेली. (चालू आकडा तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून घ्यावा.) जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तीही ओलांडली. पण पीएम-किसानची चाळणी उत्पन्नाची नाही; तिथे आयकर भरणारा अपात्र ठरतो. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या व्याजासारख्या उत्पन्नावर कर पडत नाही, म्हणून याचे सहा हजार आणि नमो योजनेचे सहा हजार एवढ्याने थांबत नाहीत. फक्त बँकेने व्याजातून कर कापू नये यासाठी पात्र असल्यास स्वयंघोषणेचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा आणि खात्याला पॅन जोडलेला असावा.

त्याच शेतकऱ्याची ठेव वीस लाखांची असती तर व्याज १ लाख ४० हजार. इतर उत्पन्न फार नसेल तर लाडकी बहीण राहते, प्राधान्याचे धान्य जाते. आणि ठिबकचे अनुदान? ते जमीन पाहून मिळते. अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. त्याला तुमच्या ठेवीशी काही घेणेदेणे नाही.

हे ऐकून काही जण म्हणतात, "मग बँकेत ठेवतच नाही." हा हिशेब चुकीचा आहे. श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाला १८ हजार. आईच्या वाट्याचे दहा लाख तिच्याच नावाने टपालातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर आठ टक्क्यांनी वर्षाला ८० हजार होतात आणि दर तीन महिन्यांनी तिच्या खात्यात पडतात. १८ हजारांसाठी ८० हजार सोडायचे, वर खोट्या दाखल्यावर सही करायची, आणि उद्या वसुलीची नोटीस आली तर तहसीलच्या पायऱ्या म्हातारीने चढायच्या! दुसरे असे की जमीन गेली तसे शेतीचे उत्पन्नही घटले. नवा दाखला काढताना वाढलेले व्याज जसे सांगायचे तसे घटलेले शेती उत्पन्नही सांगावे. ते पुष्कळांकडून राहून जाते.

चारचाकीबद्दल स्पष्टच बोलतो. मोबदला आला की पंधरा दिवसांत अंगणात गाडी उभी राहते. ट्रॅक्टर सोडून कोणतीही चारचाकी कुटुंबात आली की लाडकी बहीण जाते. रेशनचे केशरी कार्डही जाऊन पांढरे होते. व्याज लाभ घालवते पण घरात काही आणून देते. गाडी लाभही घालवते आणि डिझेलही मागते.

पैसा ठेवायचा कुठे? एका बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे; ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. पतसंस्थेला हे संरक्षणच नाही. एक टक्का जादा व्याजासाठी सगळी रक्कम गावच्या पतसंस्थेत ठेवणे मला मान्य नाही, अध्यक्ष आपला सोयरा असला तरी. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सरकारी रोख्यांचे प्रकरण २००२ मध्ये उघडकीस आले आणि न्यायालयाने शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षे गेली.

कर्ज फेडायचे तर आधी सावकाराचे आणि बचतगटाच्या नावाखाली घेतलेले महागड्या व्याजाचे फेडावे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडल्यास राज्यात व्याज शून्य पडते. ते कायमचे बंद करण्याची घाई नको, दरवर्षी फिरते ठेवावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. माझे मत असे, की मोबदल्याचा मोठा भाग पुन्हा जमिनीत जावा, पण लगेच नव्हे. पैसा आल्याची बातमी दलालाला तुमच्या आधी कळते आणि शेजारच्या गावात एकरी भाव चढतो. सहा महिने ते वर्षभर मुदत ठेव करावी. जमीन पाहायची ती मे महिन्यात. दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. मे महिन्यात तासभर मोटार चालवून पाणी किती टिकते ते पाहावे. संत्र्याचा विचार असेल तर तीन-चार ठिकाणी खड्डे खणून खोली पाहावी, निचरा पाहावा, आणि मातीत मुक्त चुनखडी किती आहे ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. दहा टक्क्यांवर चुनखडी असलेल्या जमिनीत संत्रा लावू नये. बांधापर्यंत जायला रस्ता आहे का, हे नकाशावर नव्हे तर बैलगाडीने जाऊन पाहावे.

सगळी जमीन संपादनात जात असेल तर दोन गोष्टी जपाव्यात. पीएम-किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीच्या आधारावर नवीन नोंदणी होत नाही, फक्त वारसाहक्काने आलेली चालते. म्हणून जुन्या गटातला एखादा तुकडा शिल्लक राहत असेल तर तो किरकोळ समजून विकून टाकू नये. आणि आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. उद्या खरेदीच्या वेळी तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा मागतील, तेव्हा जुना सातबारा, निवाड्याची किंवा खरेदीखताची प्रत आणि पैसे जमा झाल्याचे बँकेचे पासबुक हाताशी हवे. या तिन्हींच्या साक्षांकित प्रती आजच काढून ठेवा. एक संच बहिणीकडे द्या. मोबदल्यात तिचाही हिस्सा आहे आणि तिलाही तो दाखवावा लागणार आहे.