नृत्यास वय कोणते?

नृत्य हे बाळपणाचे खूळ, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मान्य नाही. स्पेनमधील सेव्हिलच्या महामंदिरात ख्रिस्तशरीराच्या सणानिमित्त मुले चिपळ्यांसारखे वाद्य वाजवीत परमपवित्र साक्रामेंतापुढे नाचतात, आणि तीही टोप्या न काढता! रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी भरतनाट्याचा पहिला प्रयोग १९३५ साली, तिशी उलटल्यावर केला. ब्रुकलिन येथे तर २००१ पासून कंपवाताच्या रोग्यांस प्रथम खुर्चीवर बसवून नृत्य शिकवितात. अडलेले पाऊल ठेक्याच्या आधाराने पुष्कळदा उचलते. मुलास नक्कल पुरते, वृद्धास आधी धीर द्यावा लागतो. महोत्सवाच्या नृत्यात आपल्या वृद्ध मातांनी केवळ मागच्या बाकावर बसून पाहावे, असे काहींनी सुचविले आहे. आमचे म्हणणे, त्यांच्या खुर्च्या रिंगणात मांडाव्या.